मुक्या खोलीची वही

१

सोमवारी सकाळी मी मुक्या खोलीची वही उघडली, तर शहाऐंशीनंतर एकदम एकोणनव्वद. मधलं पान कुणीतरी कापून नेलं होतं. आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो असा: बरं झालं.

हे लिहितानाही माझे कान तापतात. पण सांगायला बसलोय तर तिथूनच सुरुवात करायला हवी.

डनेडिनच्या कायकोराई खोऱ्यात, लोकरीच्या जुन्या गिरणीत आमचा कारखाना होता. नाव तारापुंगा रेडिओ, माणसं अकरा. समुद्रात पडलेल्या माणसाच्या छातीवरून मदतीची हाक पाठवणारे बीकन आम्ही बनवायचो. नवा बीकन काडेपेटीपेक्षा जरासाच मोठा होता. एवढ्याशा डबीनं तीन कामं करायची: एका बँडवर उपग्रहाला हाक द्यायची, दुसऱ्यावर आपण कुठे आहोत ते जाणून घ्यायचं, तिसऱ्यावर जवळच्या बोटीला दिशा दाखवायची. तिन्हींना मिळून अँटेना एकच. बिस्किटाच्या तुकड्याएवढ्या पट्टीवर जिन्यासारखी वळत गेलेली तांब्याची रेघ. ती कॅलम स्ट्रुदर्सनं आखलेली. बारा वर्षं तो त्या एका रेघेमागे होता.

मुकी खोली म्हणजे आमची चाचणीची खोली. भिंतींना आणि छताला स्पंजचे सुळके, म्हणजे लहरी कुठे आपटून परत यायला नकोत. आवाजही तिथे मरतो. त्या खोलीत घेतलेलं प्रत्येक माप वहीत हातानं लिहायची शिस्त होती.

परवान्याआधीची चाचणी म्हणून असे साठ बीकन आम्ही ब्लफ बंदरातल्या मच्छिमारांना दिले होते. त्या सोमवारच्या दहा दिवस आधी त्यांच्यातला एक, डेस वेदरॉल, फोव्हो सामुद्रधुनीत बोटीवरून पडला. त्यानं कळ दाबली होती. हाक कुणाला ऐकू आली नाही. सात तासांनी एका बोटीला तो सापडला, पण तोवर फार उशीर झाला होता.

बीकन परत आला. उघडला, तर अँटेनाचा सांधा सुटलेला. सांधे जोडायची लोसा फालेआता. गुरुवारी मी तिला कामावरून काढलं. मी म्हणजे नेव्हिल कॉट्रेल, कारखान्याचा व्यवस्थापक. अकरा वर्षं ती माझ्या हाताखाली होती. जाताना ती एकच वाक्य बोलली, "आता चर्चमध्ये मी कुठल्या तोंडानं बसू?"

"वही सापडली का रे?" मागून मालक बर्नार्ड गिल्क्रिस्टचा आवाज आला. "त्या मच्छिमार संघाच्या बाईचा फोन होता. उद्या येतायत. म्हणतात, वही तयार ठेवा."

मी वही मिटायला गेलो. पण कापलेल्या पानाची कड त्यानं पाहिली होती.

२

मच्छिमार संघाच्या मेरेआना कराका सत्तरीच्या होत्या. तीस वर्षं त्या किनाऱ्यावरच्या रेडिओ केंद्रात बसून बोटींचे आवाज ऐकत आल्या होत्या. ब्लफपासून वर कुठल्याही धक्क्यावर त्यांना आँटी म्हणत, आम्हीही लगेच तेच म्हणायला लागलो. त्यांना अँटेनातलं काही कळत नव्हतं. तसं त्यांनी आल्या आल्या सांगूनही टाकलं.

"मला माणसांचा आवाज कळतो," त्या म्हणाल्या. "बाकीचं तुम्ही शिकवा. चहा आहे का?"

चहाच्या खोलीत चीज रोल गरम होत होते. आँटींनी वही मांडीवर घेतली आणि कापलेल्या पानाच्या कडेवरून बोट फिरवलं.

"लोसाचं काम," बर्नार्ड म्हणाला. "शुक्रवारी ती आपलं सामान न्यायला आली होती. दहा मिनिटं एकटीच आत होती. रागावलेली होती बिचारी."

"या पानावर काय होतं?"

"चौदा मार्चची मापं," चाचणी करणारी इव्होन टीग म्हणाली. एकोणीस वर्षं वही तिच्याच हातची. बोलताना ती खिडकीबाहेर बघत होती.

"कसली मापं?"

"नेहमीचीच," कॅलम मध्येच म्हणाला. "आँटी, वहीचं काय घेऊन बसलात? माणूस सांध्यामुळे गेला. सांधा मी सगळ्यांसमोर दाखवला. फोटो आहेत."

"बघू फोटो."

बर्नार्डनं फोन पुढे केला. बीकन उघडण्याआधीचा एक फोटो होता, नंतरचे चार. आँटी पहिल्याच फोटोवर थांबल्या. बोटांनी तो मोठा केला, चष्मा वर सारून बघितला, मग फोन परत दिला.

"लोसा चौदा मार्चला कामावर होती?"

"नव्हती," मी म्हणालो. "बहिणीच्या लग्नाला सामोआत, आपियाला गेली होती. तीन आठवडे."

"म्हणजे त्या पानावर तिचं काहीच नव्हतं. कापून तिला काय मिळणार?" चहाचा घोट घेऊन त्या माझ्याकडे वळल्या. "बीकन तुमच्याकडे आला कधी?"

"गेल्या मंगळवारी दुपारी. बुधवारी सकाळी उघडला."

"मधल्या वेळात कुठे होता?"

"माझ्या कपाटात. कुलूप लावून."

"किल्ल्या किती?"

"दोन. एक माझ्याकडे, एक बर्नार्डकडे."

"कुणी हात लावला होता?"

"नाही," मी म्हणालो.

आँटींनी मान डोलावली. आवाज ऐकण्यात त्यांचा जन्म गेला होता, आणि मी त्यांच्यासमोर बसून खोटं बोललो होतो.

३

दुपारी त्यांनी माझ्याच खोलीतून डेसच्या बायकोला फोन लावला. स्पीकरवर. मी उठायला लागलो, तर हातानंच बसा म्हणाल्या.

"शोना, आँटी बोलतेय गं. एकच विचारते. डेस तो बीकन तपासायचा का?"

"दर रविवारी," पलीकडून आवाज आला. थकलेला, सपाट. "जेवणाच्या टेबलावर. नातवंडं भांडायची कळ कुणी दाबायची म्हणून. हिरवा दिवा लागला की टाळ्या."

"शेवटच्या रविवारी?"

"लागला ना. मीच दाबली होती त्या दिवशी." ती थांबली. "आँटी, ती बाई सापडली म्हणे, जिच्या हातून ते राहिलं. तिला म्हणावं मी तिच्यावर रागावलेली नाही. रागवायची ताकदच नाही."

मी टेबलावरच्या कागदांकडे बघत राहिलो. वाचत काहीच नव्हतो.

फोन ठेवून आँटींनी इव्होनला बोलावलं. "तो हिरवा दिवा काय सांगतो गं? मला लहान पोरीला सांगतात तसं सांग."

"वीज सांध्यातून पलीकडे अँटेनापर्यंत पोचली, एवढंच."

"आणि पुढे हवेत किती गेली?"

इव्होननं क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "ते त्याला ठाऊक नसतं."

"सांधा सुटलेला असेल तर?"

"मग लाल."

"फोटोतला सांधा रविवारी तसाच असता तर हिरवा लागला असता?"

"शक्य नाही."

"समुद्रात आपटून सुटला असेल," मी म्हणालो. माझं मलाच ते पोकळ वाटलं.

"आपटून तुटलेलं वेगळं दिसत असेल ना?" आँटींनी तिलाच विचारलं.

"तुटलेला सांधा तडकतो," इव्होन हळूच म्हणाली. "हा वितळून अर्धवट गोठलेला होता. कुणीतरी पुन्हा गरम केल्यासारखा."

ती गेली. आँटींनी माझ्या कपाटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"त्या पहिल्या फोटोत डबी मिठानं पांढरी झालीय," त्या म्हणाल्या. "समुद्रातून आलेल्या वस्तूचं तसंच होतं. पण चारही स्क्रूंची डोकी चकचकीत. खाचांत मिठाचा कण नाही. तुमच्या सगळ्यांसमोर उघडायच्या आधी ती कुणीतरी उघडली होती. बर्नार्ड गेल्या मंगळवारी वेलिंग्टनला होते, मी विमानाचं विचारून घेतलंय. किल्ल्या दोन." त्यांचा आवाज अजिबात चढला नव्हता. "मग उरलात तुम्ही, नेव्हिल."

४

पन्नाशी कधीच उलटलेल्या माणसाला शाळेच्या बाकावर उभं केल्यासारखं वाटू शकतं, हे मला त्या दिवशी कळलं.

"मी उघडली नाही," मी म्हणालो. "मी किल्ली दिली. कॅलमला. मंगळवारी साडेतीनला. म्हणाला, बाहेरून जरा बघतो, वीस मिनिटांत आणून देतो."

"सकाळी विचारलं तेव्हा नाही म्हणालात."

"हो."

"का?"

मी बरीच कारणं शोधली. कॅलम हा कारखान्याचा कणा होता. त्याच्या त्या रेघेला बक्षीस मिळालं होतं, तिच्या भरवशावर आम्हा अकरा जणांचं चाललं होतं. हे सगळं खरं होतं, आणि यातलं एकही खरं कारण नव्हतं.

"आँटी, मला वाटलं होतं..."

"थांबा." त्या उठल्या. "अर्धवट ऐकायची मला सवय नाही. उद्या नऊला सगळ्यांना चहाच्या खोलीत बोलवा. लोसालाही. तोवर तुम्हाला आणखी काही आठवलं तर बघा. साठ बीकन आहेत, नेव्हिल. एकोणसाठ अजून समुद्रावर आहेत. कालवांचा हंगाम आहे आणि उद्या दुपारी दक्षिणेचं वादळी वारं येतंय."

मला काही आठवायची गरज नव्हती. सगळं लख्ख आठवत होतं. मी घरी गेलो, जेवलो, बायकोशी हवामानाबद्दल बोललो.

५

बुधवारी नऊ वाजता लोसा दाराशीच उभी राहिली, अंगातला कोट न काढता. बर्नार्डनं खुर्ची पुढे केली, तिनं घेतली नाही.

आँटी बसूनच बोलल्या.

"आधी वही. मला एका गोष्टीचं नवल वाटलं. ज्याला पान नाहीसं करायचं असतं तो ते फाडतो, टराटरा. इथे कुणीतरी पट्टी ठेवून, अर्धं बोट कड सोडून कापलंय. कशासाठी? वही शिवलेली आहे. कड सोडली नसती तर त्या पानाचं जोडीचं पान पुढे कधीतरी निसटलं असतं. म्हणजे कापणाऱ्याला वहीची काळजी होती. पान न्यायचं होतं आणि वही मोडायची नव्हती. अशी काळजी या घरात एकाच माणसाला असणार."

इव्होननं पिशवी उघडली. प्लास्टिकच्या पाकिटात ते पान होतं, घडीसुद्धा न घातलेलं.

"वाच," आँटी म्हणाल्या.

"मापं वाचत नाही, अर्थ सांगते." इव्होननं पाकीट टेबलावर ठेवलं. "मुक्या खोलीत माप घेताना अँटेनाला केबल लावावी लागते. अँटेना लहान असली की ती आसपासच्या धातूचा आधार घेते. मला फेब्रुवारीपासून शंका होती. आकडे फारच चांगले येत होते. चौदा मार्चला मी केबल काढली, डबीतच बॅटरी बसवली आणि पुन्हा माप घेतलं. हाक पाठवायच्या बँडवर दहावा हिस्सासुद्धा बाहेर पडत नव्हता. इतके महिने आम्ही मोजत होतो ती केबल होती. केबलच अँटेना झाली होती. डेसच्या छातीवर केबल नव्हती."

बर्नार्डचा चेहरा राखेसारखा झाला.

"म्हणजे सांधा ठीक होता," आँटी कॅलमकडे वळल्या, "आणि माणूस रेघेमुळे गेला. रेघ सांभाळायची तर दुसरं काहीतरी बिघडलेलं दिसायला हवं होतं. वीस मिनिटं पुरली."

कॅलमनं नाकारलं असतं तर मला बरं वाटलं असतं. तो हातांकडे बघत म्हणाला, "दोन महिने हवे होते. मी ती दुरुस्त करत होतो. दुसरा आराखडा मांडलाय, बघा ना, टेबलावर आहे. दोन महिन्यांत साठही बदलून दिले असते, कुणाला कळलंही नसतं."

"डेसला कळलं," लोसा दारातून म्हणाली.

त्यानं तोंड झाकून घेतलं.

"आता शेवटची ओळ वाच, इव्होन," आँटी पानाच्या तळाकडे बोट दाखवत म्हणाल्या.

"नको."

"मग मी वाचते." त्यांनी पान हातात घेतलं, चष्मा नीट केला. "नेव्हिलला दाखवलं. चार वाजून दहा मिनिटं. म्हणाला, कॅलमशी बोलतो, नंतर बघू."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

बोललो होतो मी कॅलमशी. तो हसला होता. बॅटरीवर घेतलेल्या मापांचा काय भरवसा, म्हणाला होता. मला तेवढं पुरलं. पुढच्या सोमवारी साठ बीकनच्या कागदावर मी सही केली.

"हे पान मी गेल्या बुधवारी कापलं, सांधा निघाला त्याच दिवशी," इव्होन मला म्हणाली. ती रागावलेली नव्हती, तेच सोसवेना. "वाटलं, हे वहीतून बाहेर येण्याआधी तुझ्या तोंडून यावं. एकोणीस वर्षं ओळखते तुला. म्हटलं लोसाला काढायच्या आधी तरी बोलशील. मग म्हटलं, शनिवार-रविवार विचार करेल. नंतर मलाच तोंड उघडायची लाज वाटायला लागली. लोसा, तुझी मी फार मोठी गुन्हेगार आहे गं."

आँटी तोवर फोनपाशी गेल्या होत्या. ब्लफच्या केंद्राला त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं. भिंतीपलीकडच्या रेडिओवर थोड्याच वेळात सूचना ऐकू आली: तारापुंगाचे छोटे बीकन कुणीही भरवशाचे धरू नयेत, जुने मोठे बीकन अंगावर घ्यावेत, शक्य असेल त्यांनी बंदरात परतावं. ती तीनदा दिली गेली. दुपारी वारं आलं तेव्हा सगळ्या बोटी आत होत्या.

६

कॅलमनं त्याच दिवशी पोलिसांना सगळं सांगितलं. मीही माझं सांगितलं. तिथला अधिकारी फार सभ्यपणे वागला, लिहून घेतलं, सही घेतली. कारखाना महिनाभरात बंद झाला.

त्याच आठवड्यात शनिवारी मी लोसाच्या घरी गेलो. तिचा भाऊ फाटकातच आडवा उभा राहिला. लोसा पायरीवर आली.

"माफी मागायला आलात?"

"हो."

"इथे नको. इथे तुम्ही आणि मीच ऐकणार. माझ्यामुळे माणूस मेला, हे आमच्या चर्चमध्ये दीडशे लोकांनी ऐकलंय. उद्या दहाला या."

गेलो. प्रार्थना झाल्यावर पाद्र्यांनी मला पुढे बोलावलं. म्हाताऱ्या माणसांना इंग्रजी नीट कळत नाही, म्हणून माझं प्रत्येक वाक्य ते सामोअनमध्ये सांगत होते. त्यामुळे मला एकेक वाक्य बोलून थांबावं लागत होतं. यंत्र वाईट आहे हे मला सांगितलं गेलं होतं. थांबलो. मी ऐकलं नाही. थांबलो. सही माझी आहे. बिघाड दुसऱ्यानं केला, किल्ली मी दिली. लोसाच्या कामात काही चूक नव्हती. तिला मी काढलं. प्रत्येक वेळी माझं वाक्य परक्या भाषेत खोलीच्या मागच्या भिंतीपर्यंत जायचं आणि मग पुढच्याची वाट बघत सगळे माझ्याकडे बघायचे. पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायका, सुटातले पुरुष.

मला वाटलं होतं, आता निघता येईल. पण मागच्या दालनात जेवण मांडलं होतं आणि एका आजीबाईंनी मला हाताला धरून टेबलाशी बसवलं. लोसा ताट घेऊन आली. तारोचे कंद, नारळाच्या दुधातली पालेभाजी, भाजलेलं डुक्कर. ताट हातातच धरून ती उभी राहिली.

"एक विचारायचं राहिलंय," ती म्हणाली. "त्या आँटींनी सगळं विचारलं, हे नाही विचारलं."

"विचार."

"बीकन उघडला त्या बुधवारी तो सांधा तुम्ही भिंगातून बघितला होतात?"

"बघितला होता."

"अकरा वर्षं तुम्ही माझे सांधे तपासलेत. रोज. एकदा म्हणाला होतात, पन्नास पट्ट्यांत मिसळले तरी तुझे ओळखू येतील." तिचा आवाज इतका खाली होता की शेजारच्यालाही ऐकू गेला नसता. "तो माझा नाही, हे तुम्हाला तेव्हाच कळलं नव्हतं?"

हे मी आँटींना सांगितलं नव्हतं. पोलिसांना नाही, बायकोला नाही. आत्ता दीडशे लोकांसमोर उभा राहिलो, तेव्हाही नाही. खरं तर स्वतःशीही हे वाक्य मी कधी पुरं होऊ दिलं नव्हतं. वही उघडून पान नाही बघितल्यावर बरं का वाटलं, त्याचं मूळ हेच होतं. एक पान गेलं, म्हणजे सांध्यावर कुणी शंका घेणार नाही, आता हेही कुणाला कळायचं नाही.

"कळलं होतं," मी म्हणालो.

लोसानं ताट माझ्यासमोर ठेवलं.

"जेवून जा," ती म्हणाली, आणि पलीकडच्या टेबलावर आपल्या माणसांत जाऊन बसली.

कुणीतरी तिला जागा करून दिली, कुणीतरी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिकडे हसण्याचा आवाज झाला. मी चमचा उचलला. ताट रिकामं होईपर्यंत मी मान वर केली नाही.